मदत हवी आहे: प्रोबेट चालू असलेलं घर घ्यावं का? जरा लवकर सांगा

गृहशोधक:
घर पसंत पडलंय. मालक वारले, प्रोबेट (मृत्युपत्र खरं आहे असं कोर्टाकडून ठरवून घेणं) कोर्टात चालू आहे. मुलगा म्हणतो विसार द्या, चावी आत्ताच घ्या, खरेदीखत नंतर करू, दुसरी पार्टीही मागे लागलीय म्हणे. शुक्रवारपर्यंत हो-नाही सांगायचंय आणि बँक फाइलला हात लावत नाहीये. विसार देऊ का? नुसतं "वकील गाठा" लिहू नका प्लीज.

जुनंखोड:
मृत्युपत्रात एक्झिक्युटर (ते अंमलात आणायला नेमलेला माणूस) कोण? वारस किती? घर कुठल्या देशात? काहीच लिहिलं नाहीये तुम्ही.

गृहशोधक:
भारतातच. एक्झिक्युटर मुलगाच आहे. घरपट्टी पण त्याच्या नावावर झालीय, मृत्युपत्र रजिस्टर्ड आहे, मग अडचण काय?

तिसरामजला:
रजिस्टर्ड आहे ना, मग बिनधास्त घ्या. आम्ही असंच घेतलं, पेपरात नोटीस दिली, कोणी आलं नाही.

जुनंखोड:
कोणी आलं नाही म्हणून निभावलं तुमचं. रजिस्टर्ड मृत्युपत्रालाही कोर्टात आव्हान देता येतं आणि घरपट्टी नावावर झाली म्हणजे मालकी आली असं होत नाही. दुसऱ्याला असा सल्ला देऊ नका.

कायदावाचक:
१९२५च्या भारतीय वारसा कायद्यात कलम २११प्रमाणे मिळकत एक्झिक्युटरकडे निहित होते (कायद्याने त्याच्याकडे येते) आणि ३०७मध्ये त्याला विकायचा अधिकार आहे, मृत्युपत्रात बंधन नसेल तर. एक्झिक्युटर नसता आणि कोर्टाने प्रशासक नेमला असता तर त्याला स्थावर विकायला कोर्टाची परवानगी लागली असती. म्हणजे इथे मुलगा विकू शकतो.

जुनंखोड:
कागदावर बरोबर आहे. पण मृत्युपत्रच टिकलं नाही तर एक्झिक्युटरपद गेलं, मग घेणाऱ्याने कोणाच्या दारात जायचं? बँक उगाच हात आखडता घेत नाही. गृहशोधक, बाकीचे वारस??

गृहशोधक:
एक बहीण आहे. तिने ना-हरकत दिली नाहीये अजून. मुलगा म्हणतो ती देईल.

कायदावाचक:
अहो हे आधी सांगायचं ना! तिने कॅव्हिएट (मला ऐकल्याशिवाय प्रोबेट देऊ नका असा कोर्टात अर्ज) टाकून हरकत घेतली तर प्रोबेटचा अर्ज दाव्यासारखा चालतो, मग किती वेळ लागेल ते विचारूच नका.

विलायतकर:
इंग्लंडमध्ये प्रोबेट मिळाल्यावरही अवलंबून असलेल्यांना हिस्सा मागायला ६ महिने असतात, १९७५चा कायदा आहे त्याला.

जुनंखोड:
इथे त्याचा काय संबंध? गृहशोधक, ऐका. चावी आत्ता घेऊ नका. घर ताब्यात आलं की माणूस रंग काढतो, फर्निचर करतो आणि मग सोडता येत नाही. विसार द्यायचाच तर थोडा द्या, रजिस्टर्ड साठेखत (पुढे विकण्याचा करार) करून, आणि बहिणीला त्यात "संमती देणार", म्हणजे संमतीची सही करणारी, म्हणून घ्या. अमुक मुदतीत प्रोबेट मिळालं नाही तर पैसे परत, ही अट त्यात स्पष्ट हवी. ती सही करत नसेल तर तेच तुमचं उत्तर. दुसरी पार्टी खरंच असेल तर तिलाही हाच प्रश्न येणार आहे.

अंगणवेल:
आणि एक कोणी बोललंच नाही, प्रोबेट कोर्ट फक्त मृत्युपत्र खरं का खोटं ते बघतं, घर वडिलांच्या मालकीचं होतं का हे ठरवत नाही. वडिलोपार्जित निघालं तर त्यांना स्वतःच्या हिश्शापुरतंच मृत्युपत्र करता येतं. सर्च रिपोर्ट (घराच्या जुन्या नोंदींची तपासणी) वेगळा काढा, घरावर जुनं कर्ज आहे का तेही कळेल.

तिसरामजला:
एवढं बघत बसलात तर घर मिळणारच नाही कोणाला.

गृहशोधक:
बहिणीचा नंबर मागितला तर मुलगा म्हणाला तिला मध्ये कशाला आणता. शुक्रवारची वाट बघत नाही, आत्ताच नाही कळवतो. तिची सही आली की पुढचं बोलू.

विलायतकर:
मृत्युपत्र स्वतःचं स्वतः लिहिलं तर साक्षीदार दोनच लागतात का? मलाही करायचंय, भारतातल्या जमिनीचं.