घरात गाणं ऐकायला नवा सीडी प्लेअर घ्यावा की स्ट्रीमिंगच पुरे?

विलंबित (धागाकर्ता)

माझं मत आधीच सांगून टाकतो. ज्याच्या कपाटात शास्त्रीय गाण्याच्या शंभर-दोनशे सीडी आहेत, त्याचा जुना प्लेअर बंद पडला तर त्याने नवा घ्यावा. आमच्याकडे सध्या हाच विषय चालू आहे. लेन्स गेली, भाग मिळत नाही म्हणून दुरुस्तीवाल्याने हात वर केले. मुलांचं म्हणणं, तीस-चाळीस हजार घालण्यापेक्षा महिन्याला शे-दोनशे भरा, सगळं फोनवर आहे.

सगळं आहे, पण कसं आहे ते बघा. ७८ आरपीएमच्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम सव्वातीन मिनिटं बसायची. अब्दुल करीम खाँसाहेबांनी तेवढ्यात राग उभा केला, ती त्यांची थोरवी. बैठक काही तीन मिनिटांची नसायची. एलपी आली तरी वीस-पंचवीस मिनिटांनी बाजू पालटायला उठावं लागे, साठ मिनिटांच्या कॅसेटला अर्ध्या तासाने. १९८२ मध्ये सीडी बाजारात आली ती ७४ मिनिटांची. तेव्हा कुठे विलंबित, म्हणजे संथ लयीतल्या, एकतालातला ख्याल सुरुवातीच्या आलापापासून द्रुतापर्यंत, म्हणजे जलद लयीपर्यंत, न तुटता घरात ऐकता येऊ लागला. ॲपवर तो पुन्हा तुटतो. संथ लयीतला बडा ख्याल एक ट्रॅक, जलद लयीतला छोटा ख्याल दुसरा, आणि शोधायला गेलं की आधी हाताला लागतो तो सहा मिनिटांचा द्रुत. संध्याकाळी मारवा राग संपला की दोन क्षण काहीच नको असतं. नेमकं तेव्हाच ॲप आपणहून कुठलंतरी भजन सुरू करतं.

दुसरं म्हणजे साथीदार. सीडीच्या आतल्या कागदावर तबल्याला कोण, पेटीला कोण, तानपुऱ्यावर कोण, बंदिश काय, ताल कुठला, हे बहुतेक वेळा छापलेलं असतं. ॲपवर गायकाचं नाव आणि एक चौकोनी चित्र.

ठाणेकर_आयटी

पूर्ण असहमत. ऑटोप्ले सेटिंगमध्ये जाऊन बंद करता येतं. आख्खा अल्बम क्रमाने लावला तर बडा ख्याल आणि छोटा ख्याल एकामागून एक येतात, मधली फटही बहुतेक ठिकाणी जाते. तुमच्या सीडीवरही ते दोन वेगळे ट्रॅकच असतात की!

आवाजाचं म्हणाल तर सीडी म्हणजे १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ. ॲपल म्युझिक २०२१ पासून तेवढा आणि त्याच्या वरचा दर्जाही जादा पैसे न घेता देतंय. महिन्याला दीडशे धरले तर चाळीस हजारांत वीस वर्षांहून जास्त वर्गणी भरून होते.

आणि नवीन सीडी आणणार कुठून? मुंबईत काळ्या घोड्याचं ऱ्हिदम हाऊस, सीडीचं ते जुनं दुकान, २०१६ मध्येच बंद झालं. आज तिशीत असलेल्या गायक-गायिकांचं गाणं सीडीवर जवळजवळ येतच नाही. माझी मुलगी गाणं शिकते. गुरूंनी जौनपुरी राग सुरू केला, त्या रविवारी तिने बसल्या जागी ग्वाल्हेर, जयपूर, किराणा अशा निरनिराळ्या घराण्यांच्या गायकांचा जौनपुरी ऐकला आणि सोमवारी क्लासला प्रश्न घेऊन गेली. हे कुठल्या कपाटातून झालं असतं?

विलंबित

मुलीचं वाचून खरंच आनंद झाला. तेवढ्यासाठी मीही वर्गणी भरेन. माझा आक्षेप फक्त त्याच्याच भरवशावर राहण्याला आहे, कारण ते भाड्याचं घर आहे. स्पॉटिफाय फेब्रुवारी २०१९ मध्ये भारतात आलं आणि काही महिन्यांत, करार न जमल्यामुळे, सारेगामाचा संग्रह तिथून गेला. परत यायला जून २०२० उजाडला. सारेगामा म्हणजे आपली जुनी एचएमव्ही! शास्त्रीय, नाट्यसंगीत, भावगीत, केवढा ठेवा आहे त्यांच्याकडे. विंक म्युझिक हे ॲप तर २०२४ मध्ये गुंडाळलंच. तिथे वर्षानुवर्षं याद्या जमवत बसलेल्यांनी काय करायचं? माझ्या कपाटातल्या सीडीला कुणाचा करार लागत नाही.

पेटीवाला

मी साथीला बसतो, तेव्हा आमच्या बाजूचं सांगतो. एका सीडीच्या कागदावर माझं नाव आहे. बारीक अक्षरात, पण आहे. ते वाचून मला एका गावच्या उत्सवात साथीला बोलावणं आलं होतं. तेच ध्वनिमुद्रण आता ॲपवर आहे. पेटी वाजते, वाजवणाऱ्याचा पत्ता नाही.

मात्र कलाकारांच्या पैशाचा मुद्दा सीडीवाल्यांनी काढू नये. ध्वनिमुद्रणाच्या दिवशी पाकीट मिळालं. पुढे किती प्रती खपल्या त्यातलं काही आमच्यापर्यंत आलं नाही. स्ट्रीमिंगमध्येही आमच्या हाती काही नाही, पण तिथे मुख्य कलाकाराचंही अवघड आहे. स्पॉटिफायने २०२४ पासून नियमच केला की वर्षभरात हजार वेळा ऐकलं न गेलेल्या ट्रॅकचे पैसे नाहीत. कुणा तरुण मुलीने मन लावून एखादा अनवट, म्हणजे क्वचित गायला जाणारा, राग ध्वनिमुद्रित केला, तर हजार वेळा ऐकणार कोण?

मृण्मयी_सांगली

विलंबितकाका, तुम्ही तो छापील कागद एवढा गौरवलात, पण माझ्या आईला तो वाचताच येत नाही. मोतीबिंदू निघाल्यावरही इतकी बारीक अक्षरं दिसत नाहीत. डिस्क हातात धरून, कडेला बोट लावून ट्रेमध्ये ठेवणंही तिला जमेनासं झालं, हात थरथरतो. आता ओट्याशी एक स्पीकर ठेवलाय. "वसंतराव देशपांडे लाव" म्हटलं की लागतं. चुकीचं लागलं तर ती पुन्हा सांगते, आवाज चढवून सांगते. घरात दिवसभर गाणं चालू असतं, हे बाबा गेल्यापासून पहिल्यांदाच होतंय. तिच्यासाठी मी चाळीस हजारांचं यंत्र कधीच आणणार नाही.

विलंबित

मृण्मयी, यावर माझ्याकडे उत्तर नाही आणि द्यायचंही नाही. आईंना नमस्कार सांग.

रत्नांग्रीकर

सीडी कायमच्या टिकतात या समजात कुणी राहू नये. आमच्याकडे पावसाळ्यात चामड्याच्या चपलेवर बुरशी येते, तिथे सीडीचं काय! एखादी जुनी डिस्क बल्बसमोर धरून बघा. चंदेरी थराला टाचणीच्या टोकाएवढी भोकं पडलेली दिसतील, उजेड आरपार येतो. थोडी असली तर प्लेअर सांभाळून घेतो. वाढली की एकाच जागी अडकतो.

म्हणून पैसे घालायचेच तर आधी प्रती काढण्यात घाला. लॅपटॉपला लावायचा डीव्हीडी ड्राइव्ह दीड-दोन हजारांत मिळतो. 'एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी' हे सॉफ्टवेअर फुकट आहे, खराब जागा पुन्हा पुन्हा वाचून बघतं. फाईल फ्लॅकमध्ये ठेवा, एमपीथ्रीत नको. फ्लॅकमध्ये मूळ आवाजातलं काही गळत नाही. तासाभराची सीडी साधारण तीनशे-साडेतीनशे एमबीत बसते, म्हणजे दोनशे सीडी १२८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर मावतात. एक प्रत दुसऱ्या घरी ठेवा.

विलंबित

प्रती काढायला सुरुवात करतोच, आतल्या कागदांचे फोटोही त्याच फोल्डरमध्ये टाकतो. विशेषतः लहान प्रकाशकांच्या, पुन्हा कुणी छापणार नाही अशा सीडी आधी. पण प्लेअर तरीही घेणार. फाईलच्या यादीसमोर बसलो की मी निवडतच बसतो, पाच मिनिटं हे, दहा मिनिटं ते. मल्लिकार्जुन मन्सूरांची सीडी ट्रेमध्ये घातली की शेवटपर्यंत ऐकतो. अनवट राग पहिल्या दहा मिनिटांत कुठे हाती लागतो? तिथे तासभर बसायलाच हवं.

ठाणेकर_आयटी

ही सवय झाली, यंत्राचा गुण नव्हे. फोन दुसऱ्या खोलीत ठेवून अल्बम लावा, तोही तासभर चालतो. माझा विरोध कायम आहे.

तरी घेणारच असाल तर दोन गोष्टी करा. मागे ऑप्टिकल किंवा कोॲक्सियल आऊट असलेलाच घ्या, म्हणजे आतला कन्व्हर्टर जुना वाटला तरी बाहेरून वेगळा डॅक, म्हणजे डिजिटलचा आवाज करणारा कन्व्हर्टर, जोडता येईल. आणि पाच वर्षांनी लेन्स असेंब्ली मिळेल का, हे दुकानदाराला नाही, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला मेल करून विचारा. त्याआधी माळ्यावरचा जुना डीव्हीडी प्लेअर काढून बघा. बरेचसे सीडीही वाजवतात, आणि त्यांनाही मागे कोॲक्सियल आऊट असतो.

विलंबित

डीव्हीडी प्लेअर आहे माळ्यावर. आधी तो लावून बघतो. सर्व्हिस सेंटरचं उत्तर आलं की इथेच टाकतो.