काच दारात पडली, मोटर तर आवाज करून राहिली

पराटीवाला:
नमस्कार भाऊ. माझी सेकंडहँड गाडी आहे 2012 ची. काल ड्रायव्हरकडची काच खाली केली ते वर आलीच नाही, बटण दाबलं की दारातून घर्रर्र आवाज येते, काच हातानं ओढली तर वर येते अन् सोडली की धपकन खाली. तालुक्याच्या गॅरेजवाल्यानं दार न खोलताच सांगितलं मोटर गेली, पूर्ण सेट टाका. पेरणी तोंडावर आहे, बी-खताचंच जमवून राहिलो, त्यात दोन दिवसापासून आभाळ भरून येऊन राहिलं अन् गाडी अंगणात उघडीच असते. दारात नेमकं असते काय, कोणी समजावून सांगन का?

जुना मिस्तरी:
दादा, मोटर गेली असती तर आवाज कायले आला असता? 12 व्होल्टची छोटी मोटर असते, वर जायला अन् खाली यायला तीच, बटणानं फक्त प्लस-मायनस उलटं होते. तिच्या तोंडाशी स्क्रूसारखा वर्म गिअर असते, मोटर त्यानं दातेरी चाक फिरवते पण चाक उलटं मोटरले फिरवू शकत नाही, म्हणून चांगली काच हातानं दाबली तरी खाली जात नाही. तुमची जाऊन राहिली म्हणजे मोटर अन् काच यांचा संबंधच तुटला. बहुतेक गाड्यांत मोटर एक ड्रम फिरवते, ड्रमवर सायकलच्या ब्रेकसारखी बारीक वायर, ती वरच्या-खालच्या पुलीवरून जाते अन् रेलवरची प्लास्टिकची क्लिप ओढते, काच त्या क्लिपमध्ये बसलेली. क्लिप फुटली किंवा वायर तुटली की झालं. ड्रम, वायर, रेल अन् क्लिप या सगळ्या जोडणीलेच काच मशीन म्हणतात, बऱ्याच गाड्यांची मोटरशिवाय वेगळी भेटते, विचारून पाहा. काही गाड्यांत वायरीऐवजी कैचीसारखे पत्र्याचे हात असतात, त्यात मात्र बॅटरी लावून बोट घालू नका, खरंच तुटते.
(बटण दाबून आवाजच नसता तर फ्यूज, स्विच, अन् दाराच्या बिजागरीजवळच्या रबरी नळीतल्या वायरी पाहायच्या. दार उघड-बंद करून तिथंच तुटतात.)

धुळीचा रस्ता:
क्लिप फुटते कायले ते पण पाहा जी. आपल्या इकडची धूळ काचेच्या रबरी चॅनलमध्ये बसते, उन्हाळाभर उन्हानं रबर कडक होते, मंग काच जड जाते अन् सगळा ताण त्या प्लास्टिकवर. चॅनल ओल्या कपड्यानं पुसून वाळवा अन् सिलिकॉन स्प्रे मारा. ग्रीस किंवा इंजिन ऑइल रबरावर बिलकूल नको, धूळ अजून चिकटते अन् रबर फुगते. आजच्या रातीपुरतं काच पूर्ण वर धरून दाराच्या चौकटीवरून आतबाहेर रुंद टेप लावा. दाराचं आतल्या बाजूचं पॅड (झाकण) काढल्यावर आतला प्लास्टिकचा कागद फाडू नका, परत नीट चिकटवा. काचेवरचं पाणी दारात उतरतेच, ते खालच्या भोकातून निघून जाते, कागद नसला तर सीटकडं येते.

पराटीवाला:
खोललं भाऊ. क्लिपच फुटली होती, वायर शाबूत, मोटर एकदम चांगली. नुसती मशीन आणली, जुनीच मोटर तिच्यावर चढवली, आता काच बरोबर चालून राहिली. दाराखालची भोकं मातीनं बुजली होती, तारेनं मोकळी केली तर लोटाभर गढूळ पाणी निघालं, आता बाकीची तिन्ही दारं पण पाहतो.