मदत हवी आहे : ओपन जिमवर लहान मुलं खेळतात, काय करता येईल?

नमस्कार मंडळी. आम्ही नाशिकला इंदिरानगर भागात राहतो. घराजवळच्या उद्यानात ओपन जिम आहे आणि संध्याकाळी त्यावर मोठ्यांपेक्षा पोरंच जास्त असतात. झोपाळा आणि घसरगुंडीपुढे रांग लागली की सगळी तिकडे वळतात.

परवा माझी सहा वर्षांची मुलगी एअर वॉकरवर, म्हणजे उभं राहून पाय पुढे-मागे झुलवायच्या यंत्रावर चढली. हात दांड्यापर्यंत नीट पोचत नव्हते. पाय सटकला, ती खाली पडली आणि परत येणारी लोखंडी पायपट्टी कपाळावर बसली. तीन टाके पडले. डोळा थोडक्यात वाचला. अजून आठवलं की पोटात गोळा येतो.

ही यंत्रं मोठ्यांच्या उंचीची असतात. युरोपच्या ईएन १६६३० या मानकात ती १४० सेंटीमीटरपेक्षा उंच माणसांसाठीच धरली आहेत. शिवाय यंत्राची झुलती पायपट्टी आपण उतरल्यावरही लगेच थांबत नाही, आणि सांध्याच्या फटीत लहान बोटं सहज जातात. आमच्याकडे सूचनेचा फलक आहे, पण रंग उडालेला. मुलांना रागावून उपयोग नाही, त्यांना ते खेळणंच वाटतं.

तुमच्यापैकी कोणी महापालिकेकडे अर्ज करून जिमभोवती कठडा किंवा ठळक मराठी फलक लावून घेतला आहे का? अर्ज विभागीय कार्यालयात द्यायचा की थेट उद्यान विभागात? सोबत रहिवाशांच्या सह्या जोडाव्यात का? अर्जाचा नमुना असेल तर कृपया पाठवा. सुट्ट्या लागायच्या आत हे व्हायला हवं.