म्युनिकमध्ये ११ महिने: रविवारी मुलांना घेऊन कुठे जाता?

नवऱ्याच्या कामामुळे आम्ही ऑगस्टमध्ये म्युनिकला आलो, जूनअखेर परत जायचंय. लेक सात वर्षांची, दुसरीत आहे. धाकटा चार वर्षांचा. त्याला किंडरगार्टनमध्ये जागा मिळाली नाही, म्हणून दिवसभर माझ्याजवळच असतो.

सप्टेंबर नदीकाठी मजेत गेला. आता नोव्हेंबर लागलाय, पाचच्या आत अंधार पडतो. आठवडा कसाबसा निघतो, पण रविवार अंगावर येतो. दुकानं बंद, रस्त्यावर सामसूम. त्यात खालच्या शेजाऱ्यांनी दाराला चिठ्ठी लावली की मुलं फार धावतात. तेव्हापासून रविवारभर मी "हळू चाल, हळू बोल" एवढंच म्हणत असते. धाकटा परवा स्वतःच चवड्यांवर चालायला लागला, ते बघून मला रडू आलं.

नवऱ्याचं म्हणणं, इथले रविवार कसेही काढू, पैसे साठवून पॅरिस-स्वित्झर्लंड नीट करू. मला ते पटत नाही. अजून तीसेक रविवार आहेत हातात. मुलांना घेऊन इथे राहिलेल्यांनी सांगा, तुम्ही काय करायचात?

उत्तर १

ताई, आम्ही दोन वर्षं होतो तिथे, तेव्हा आमची मुलं साधारण तुमच्या मुलांएवढीच होती. पहिला हिवाळा मीही असाच खिडकीत बसून काढलाय, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी धाकट्यासाठी माचहोजे घ्या, म्हणजे चिखलात घालायची रबरी पँट. जुन्या कपड्यांच्या बाजारात स्वस्त मिळते. ती आल्यावर आमचं घराबाहेर पडणं पावसासाठी कधी अडलं नाही. तिथली मुलं भर पावसात मैदानावर असतात, आपलीच आत कोंडलेली.

आता रविवार. पिनाकोथेक नावाच्या चित्रसंग्रहालयांत रविवारी मोठ्यांना १ युरो तिकीट असतं, १८ वर्षांखालच्यांना कधीच नसतं. एवढ्या कमी पैशांत गेलं की सगळं बघायचा हट्ट राहत नाही, हे महत्त्वाचं. आम्ही आल्टे पिनाकोथेकमध्ये पाऊण तासच थांबायचो. मुलांना काम एकच, चित्रांतले कुत्रे मोजायचे. रुबेन्सचं एक चित्र सहा मीटर उंच आहे, त्याच्यासमोर माझा मुलगा मान वर करून जमिनीवर बसायचा आणि "तो बघ, तो पडतोय" म्हणून माणसं दाखवायचा. चौथ्या-पाचव्या खेपेला ते चित्र त्याचं झालं होतं. परत आल्यावर तो त्याचीच आठवण काढतो. मोठ्या सहलींतलं त्याला फारसं आठवत नाही.

कोरडा दिवस असेल तर एस-८ ही लोकल पकडून शेवटच्या स्टेशनला, हेरशिंगला जा. समोरच आमरझे तलाव. तिथून ओढ्याच्या कडेकडेने जंगलातून आंडेक्सच्या मठापर्यंत वाट चढते. मोठ्यांना तासाभराची, आम्हाला पहिल्यांदा अडीच तास लागले, कारण प्रत्येक काठी उचलायची होती. तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा न्या.

लांब जायचं तर बायर्न-तिकीट काढा, म्हणजे बव्हेरिया राज्यात दिवसभर चालणारं तिकीट. तुमची दोन्ही मुलं तुमच्याबरोबर फुकट, आणि शनिवार-रविवारी सकाळी ९ नंतरच निघायची अट नाही. फक्त आयसीई, आयसी या लांब पल्ल्याच्या जलद गाड्यांत चालत नाही. महिन्याचं डॉइचलांड-तिकीट (देशभरातल्या लोकल गाड्या-बसचा पास) असेल तर लक्षात ठेवा, ते आपोआप पुढे चालू राहतं. जून संपताना थांबवायचं असेल तर १० जूनच्या आत रद्द करायला लागेल.

दूध संपलं तर मोठ्या स्टेशनातली दुकानं रविवारीही उघडी असतात.

आणि ११ नोव्हेंबर चुकवू नका! सेंट मार्टिनचा दिवस. त्या सुमारास मुलं कागदी कंदील घेऊन अंधारात गाणी म्हणत फिरतात. जवळच्या चर्चमध्ये विचारा, बहुतेक ठिकाणी कुणीही सामील होऊ शकतं.

उत्तर २

वरचं सगळं पटलं, पण तुमच्या मिस्टरांचीही बाजू घेतो. आम्ही ईस्टरला झ्युरिकला गेलो होतो, मुलं अजून त्या बोटीबद्दल बोलतात. मात्र सुट्ट्या बघूनच बुकिंग करा. स्वस्त विमानासाठी मुलीला दोन दिवस आधी शाळेतून काढू नका. तिथे शाळा सक्तीची आहे, दंड होतो. तुम्हाला नाताळ, फेब्रुवारीतला एक आठवडा, ईस्टर आणि पेंटेकॉस्टचे (ईस्टरनंतरचा ख्रिस्ती सण) दोन आठवडे मिळतील.

शेजाऱ्यांकडे मुलांना घेऊन एकदा जा. आमच्या खाली एक आजी होत्या. त्यांना दुपारी १ ते ३ झोप लागायची, तेवढंच हवं होतं. बाकी वेळ मुलं नाचली तरी त्यांची तक्रार नव्हती. चिठ्ठीवरून मला त्या फार कडक वाटल्या होत्या.

प्रश्नकर्ती

दोघांचेही आभार. उशीर झाला लिहायला.

कंदिलाला गेलो! दिवाळीच्या आकाशकंदिलाचा केशरी कागद उरला होता, त्याचाच केला, खाली झिरमिळ्याही लावल्या. धाकट्याला गाण्यातला एक शब्द येत नव्हता, तरी तो पूर्ण वाट ओरडून गात होता. कुणी त्याला गप्प केलं नाही. एका बाईंनी झिरमिळ्या कशा केल्या ते विचारलं. लेकीने जर्मनमध्ये सांगितलं, मला अर्धंच कळलं.

खाली जाऊन आलो. आजोबा आहेत, रात्रपाळी करणाऱ्या लेकीसोबत राहतात. रविवारी ती दुपारी १२ पर्यंत झोपते. मग आम्ही सकाळीच बाहेर पडायचं ठरवलंय. नवराही तयार झाला, पॅरिस ईस्टरला.

या रविवारी हेरशिंग. माचहोजे ११० नंबरची मिळाली, पायात दुमडावी लागते. चालेल ना?