रोव्हरचा रडार इतका उथळ का?

एकाने विचारलंय की कक्षेतून फिरणारा मार्सिस (युरोपच्या मार्स एक्स्प्रेस यानावरचा रडार) मंगळाच्या पोटात काही किलोमीटर खोल बघतो, मग मंगळावर फिरणाऱ्या नासाच्या पर्सिव्हिअरन्स रोव्हरवरचा रडार, रिमफॅक्स, दहा-वीस मीटरवरच का अडतो? सगळा खेळ फ्रिक्वेन्सीचा आहे. मार्सिसच्या १.८ ते ५ मेगाहर्ट्झच्या लांब लहरी खोल जातात, पण बारीक थर त्यांना वेगळे ओळखताच येत नाहीत. (शिवाय अँटेना ४० मीटरची, रोव्हरवर कुठे बसवणार?) रिमफॅक्स १५० ते १२०० मेगाहर्ट्झवर चालतो; या आखूड लहरी खोल जात नाहीत, पण बारीक थर वेगळे दाखवतात. रोव्हरच्या मागच्या बाजूला, जमिनीपासून जेमतेम ६० सेंटिमीटरवर त्याची अँटेना; गाडी १० सेंटिमीटर सरकली की एक नोंद. म्हणून तर रोव्हर जिथे उतरला त्या जेझेरो विवराच्या तळाखाली १५ अंशांपर्यंत कललेले थर दिसले आणि पुढे तिथल्या प्राचीन नदीच्या त्रिभुज प्रदेशापाशी तळ्यात साचलेला गाळही. वरून हे बारकावे हाती लागले नसते.

मंगळाच्या दक्षिण ध्रुवाखाली खाऱ्या पाण्याचं तळं असल्याचा जो दावा आहे, त्या 'तळ्या'बद्दल मात्र जरा दमानं घ्या. २०१८ मध्ये मार्सिसच्या नोंदींवरून दीड किलोमीटर खाली रडारला चकाकणारा, म्हणजे जोरदार परावर्तन देणारा, पट्टा जाहीर झाला खरा, पण रडारला कळतं ते परावर्तन किती वेळाने आणि किती जोरात आलं एवढंच; ते कशावरून आलं हे थेट कळत नाही. तसंच परावर्तन चिकणमातीही देऊ शकते, असं नंतर काही संशोधकांनी दाखवलंय. मला स्वतःला खारट पाण्यापेक्षा चिकणमातीच जास्त पटते, तिथली थंडी बघता.