घरातील साफसफाईची आणि कपडे धुण्याची उत्पादने निवडताना नेमके काय पाहावे?

पारिजात (प्रश्न)

नमस्कार. आमची मुलगी तीन वर्षांची आहे. गेल्या काही महिन्यांपासून तिच्या मानेवर, कोपराच्या आतल्या बाजूला आणि गुडघ्यामागच्या घडीत कोरडे, खाजरे चट्टे उठत आहेत. त्वचारोगतज्ज्ञांनी हे इसब असल्याचे सांगितले, मलम दिले आणि कपड्यांचे डिटर्जंट बदलून पाहण्यासही सुचवले. त्याच सुमारास आणखी एक गोष्ट लक्षात आली. आमच्याकडे बाथरूम घासण्याचे काम माझा नवरा करतो, आणि ते आटोपले की पुढचा अर्धा तास तरी त्याचा खोकला थांबत नाही.

म्हणून परवा घरातल्या सगळ्या बाटल्या ओट्यावर मांडल्या. त्या अकरा निघाल्या. चार बाटल्यांवर ‘नैसर्गिक’ असे लिहिले आहे, दोनांवर ‘केमिकल-फ्री’, आणि मागच्या बाजूला घटक शोधायला जावे तर बहुतेकींवर ‘सर्फॅक्टंट, प्रिझर्व्हेटिव्ह, परफ्यूम’ एवढ्या तीन शब्दांतच यादी संपते. एवढ्या माहितीवर निवड करायची तरी कशी? कोणते घटक खरोखर टाळावेत, आणि व्हिनेगर व खाण्याचा सोडा यांवर घर निभावता येते का? अनुभवी मंडळींनी सविस्तर लिहिले तर फार मदत होईल.

प्रयोगशाळेतून

पारिजात, डिटर्जंटची तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळेत मी बरीच वर्षे काम केले आहे, म्हणून आधी त्या दोन शब्दांविषयी लिहितो. ‘केमिकल-फ्री’ला काहीही अर्थ नाही, कारण पाणी हेसुद्धा रसायनच आहे. ‘नैसर्गिक’ या शब्दाची व्याख्या या उत्पादनांच्या बाबतीत बहुतेक ठिकाणी कायद्याने केलेली नाही. तेव्हा हे शब्द पाहून बाटली घेऊ नका आणि ते नाहीत म्हणून टाकूनही देऊ नका.

तुमच्या घरी एकच बदल करायचा असेल, तर मी सुगंध काढून टाकायला सांगेन. ‘परफ्यूम’ या एका शब्दाखाली डझनावारी द्रव्ये असू शकतात आणि त्यांतली काही त्वचेला ॲलर्जी आणणारी म्हणून चांगलीच परिचित आहेत. युरोपीय संघाच्या 2004 च्या डिटर्जंटविषयक नियमानुसार अशी 26 सुगंधद्रव्ये 0.01 टक्क्यांपेक्षा जास्त असली तर त्यांची नावे छापावी लागतात. म्हणूनच काही बाटल्यांवर लिमोनीन, लिनालूल, जिरॅनिऑल अशी नावे दिसतात. इथे एका बारकाव्याकडे लक्ष द्या. ‘अनसेंटेड’ याचा अर्थ वास जाणवत नाही एवढाच होतो, कारण कच्च्या मालाचा वास झाकण्यासाठी त्यात वेगळे सुगंधद्रव्य घातलेले असू शकते. तुम्हाला हवे आहे ते ‘फ्रॅग्रन्स-फ्री’.

दुसरा मुद्दा प्रिझर्व्हेटिव्हचा, म्हणजे बाटलीत जंतू वाढू नयेत म्हणून घातलेल्या द्रव्याचा. मेथिलआयसोथायाझोलिनोन हे लांबलचक नाव लक्षात ठेवा; अमेरिकेतील संपर्कजन्य त्वचादाहाच्या तज्ज्ञांच्या संस्थेने 2013 साली त्याला ‘वर्षाचा ॲलर्जेन’ ठरवले होते, आणि त्वचेवर लावून ठेवण्याच्या प्रसाधनांत ते वापरायला युरोपात 2017 पासून बंदी आहे. धुऊन टाकायच्या उत्पादनांत आणि डिटर्जंटमध्ये ते अजूनही असते. भांडी घासणारे हात आणि इसब असलेले मूल ज्या घरात आहे, तिथे ते नसलेलेच बरे.

आता तुमच्या यजमानांच्या खोकल्याविषयी. माझा पहिला संशय बाटलीतल्या द्रवापेक्षा स्प्रेवर आहे. फवारा मारला की द्रवाचे अतिसूक्ष्म थेंब हवेत तरंगत राहतात आणि बंद बाथरूममध्ये ते सरळ श्वासावाटे आत जातात. नॉर्वेतील बर्गन विद्यापीठाच्या संशोधकांनी 2018 मध्ये सहा हजारांहून अधिक लोकांच्या सुमारे 20 वर्षांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. घरी किंवा व्यवसाय म्हणून साफसफाई करणाऱ्या स्त्रियांची फुप्फुसांची क्षमता इतर स्त्रियांपेक्षा वेगाने घटलेली त्यांना आढळली. पुरुषांमध्ये तसे दिसले नाही, हेही सांगितले पाहिजे. पण फवाऱ्यामुळे श्वसनमार्गाला त्रास होतो ही गोष्ट त्यामुळे बदलत नाही. तोच द्रव फडक्यावर ओतून पुसला, दार उघडे ठेवले आणि एग्झॉस्ट फॅन लावला, तर उत्पादन न बदलताही पुष्कळ फरक पडतो. शिवाय घटकांत ‘अमोनियम क्लोराईड’ने संपणारे मोठे नाव किंवा बेन्झाल्कोनियम क्लोराईड आहे का ते पाहा. या गटातल्या जंतुनाशकांचा आणि साफसफाईच्या कामातून होणाऱ्या दम्याचा संबंध नोंदला गेलेला आहे.

बाटलीवर काही सापडले नाही, तर कंपनीच्या संकेतस्थळावर त्या उत्पादनाची ‘सेफ्टी डेटा शीट’ शोधा. तिचे 16 विभाग असतात. तुम्ही दुसरा विभाग धोक्यांसाठी आणि तिसरा घटकांसाठी वाचलात तरी पुरे. त्यात सगळे घटक असतीलच असे नाही, मात्र धोकादायक म्हणून वर्गीकृत असलेले ठरावीक मर्यादेच्या वर असतील तर ते नमूद करावे लागतात. लेबलवर लाल कडेचा चौकोन शोधा. हात आणि पृष्ठभाग झिजताना दाखवणारे चित्र म्हणजे त्वचा व डोळे भाजण्याचा धोका. रोजच्या फरशीसाठी असे उत्पादन वापरण्याचे काहीच कारण नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचे ‘सेफर चॉइस’ आणि युरोपचे ‘इकोलेबल’ ही दोन चिन्हे मी विश्वासार्ह मानतो, कारण ती देताना उत्पादनातला एकेक घटक तपासला जातो.

दोघांची आई

माझ्या धाकट्याला इसब होते, त्यामुळे कपड्यांविषयी थोडे अनुभवाचे लिहिते. आम्ही आधी तीन वेळा डिटर्जंट बदलले आणि काहीच फरक पडला नाही, कारण मूळ चूक प्रमाणात होती. टोपणाच्या आतली रेषा कधी पाहिलीच नव्हती. अंदाजाने अर्धे टोपण भरून ओतायचे आणि कपडे जास्त मळलेले असले की आणखी थोडे. एकदा सहज धुऊन वाळवलेला टॉवेल बादलीत कोमट पाण्यात घालून हाताने चोळला, तर पाणी गढूळ झाले आणि वर फेसाची साय जमली. स्वच्छ म्हणून कपाटात ठेवलेल्या टॉवेलमध्ये इतका साबण बसलेला होता आणि तोच टॉवेल रोज बाळाच्या अंगाला लागत होता. तुम्हीही हे घरी करून पाहा, दहा मिनिटांचे काम आहे.

त्यानंतर आम्ही रेषेपर्यंतच डिटर्जंट घेऊ लागलो, यंत्राला एक जादा खळबळणी लावली आणि फॅब्रिक सॉफ्टनर पूर्ण बंद केले. सॉफ्टनर धुऊन निघून जाण्यासाठी नसतेच. धाग्यांवर त्याचा थर बसतो म्हणूनच कापड मऊ लागते, आणि त्याच थरामुळे टॉवेल पाणी टिपत नाही. सुगंधही त्यातच सर्वांत जास्त असतो.

पावडर घ्यावी की लिक्विड, हा विचार मी पूर्वी करत नव्हते. वर ज्या प्रिझर्व्हेटिव्हचा उल्लेख आला आहे त्याची गरज प्रामुख्याने पाणी असलेल्या उत्पादनांना लागते, कारण पाण्यात जंतू वाढतात. कोरड्या पावडरीला सहसा ती लागत नाही. म्हणून आम्ही सुगंधविरहित पावडर घेतो, फक्त ती पाण्यात पूर्ण विरघळू देतो. पावडरीत डाग तोडणारी एन्झाइम आहेत म्हणून घाबरून ती टाळू नका. 1960 च्या दशकात डिटर्जंट कारखान्यांतल्या कामगारांना एन्झाइमची धूळ श्वासातून जाऊन दमा झाला होता हे खरे. पण त्यानंतर एन्झाइम दाण्यांच्या आत बंद करून घालू लागले, आणि घाम व दुधाचे डाग त्यांच्यामुळे कमी गरम पाण्यातही निघतात.

आणखी एक. त्या छोट्या रंगीत डिटर्जंट कॅप्सूल लहान मूल असलेल्या घरात आणूच नका. आतला द्रव फार तीव्र असतो, आवरण ओलसर हातानेही विरघळते, आणि ती फुटून डोळ्यांत गेली तर बुबुळ भाजते.

वाटसरू

व्हिनेगर आणि सोड्याविषयी मी लिहितो, कारण या बाबतीत मला चांगलाच धडा मिळाला आहे. ही दोन्ही एकत्र केली की फसफस होते आणि काहीतरी जोरदार घडते आहे असे वाटते. प्रत्यक्षात आम्ल आणि अल्कली एकमेकांना मारतात आणि उरते सोडियम ॲसिटेटचे पाणी, ज्याने काहीच साफ होत नाही. ती वेगवेगळी वापरली तर मात्र उपयोगी आहेत. सोडा सिंक हलक्या हाताने घासायला चांगला. नळावरचे पांढरे क्षार काढायला व्हिनेगर किंवा कोमट पाण्यातले सायट्रिक ॲसिड उत्तम, पण संगमरवरावर आम्ल टाकू नका, त्याची चकाकी कायमची जाते. तेलकट डागांवर यांतले काहीच चालत नाही. तिथे धुण्याचा सोडा लागतो आणि तो हातमोजे घालूनच हाताळावा.

‘घरगुती म्हणजे निर्धोक’ हेही मनातून काढा. संत्र्याच्या सालीच्या तेलातले लिमोनीन हवेशी संयोग पावून ॲलर्जी आणणारी द्रव्ये तयार करते, त्यामुळे इसब असलेल्या मुलीच्या कपड्यांत सुगंधी तेलाचे थेंब घालू नका. घरगुती कृतींत बोरॅक्सही सुचवले जाते. युरोपीय संघाने त्याला प्रजननास अपायकारक पदार्थांच्या वर्गात ठेवले आहे.

आता माझी चूक सांगतो. कमोडमध्ये आम्लयुक्त क्लीनर टाकून ठेवले होते. डाग गेले नाहीत म्हणून पाणी न सोडताच मी त्यावर ब्लीच ओतले. दार लोटलेले आणि पंखा बंद होता. पोहण्याच्या तलावापाशी येतो तसा, पण कितीतरी उग्र वास आला आणि दोनच श्वासांत घसा आवळला गेला. डोळे मिटूनच चाचपडत दार उघडले. तो क्लोरीन वायू होता. त्यानंतर दोन दिवस जिना चढताना छातीत दुखत होते. ब्लीचमध्ये व्हिनेगर घातले तरी हाच वायू निघतो, अमोनिया असलेला काचेचा क्लीनर घातला तर क्लोरामाइन निघते आणि स्पिरिट घातले तर क्लोरोफॉर्म. पारिजात, तुमचा नवरा एकाच वेळी दोन बाटल्या वापरतो का, हे त्याला आजच विचारा.

पारिजात

सर्वांचे मनापासून आभार. विचारले. तो आधी कमोडचा क्लीनर टाकतो आणि तो मुरेपर्यंत शेजारच्या टाइल्सवर ब्लीचचा स्प्रे मारतो. ऐकून माझ्या पोटात गोळाच आला. स्प्रेची बाटली लगेच बाजूला काढून ठेवली. टॉवेलही बादलीत घालून पाहिला आणि अगदी तसाच फेस आला. आता एकच शंका उरली आहे. मुलगी दिवसभर जमिनीवर खेळते. तर फरशी रोज जंतुनाशकानेच पुसायला हवी ना?

प्रयोगशाळेतून

नाही. निरोगी घरात रोजच्या फरशीला सौम्य साबणाचे पाणी पुरते, कारण मळ निघाला की त्याला चिकटलेले बहुतेक जंतूही निघून जातात. जंतुनाशकाची खरी गरज घरात कोणाला उलट्या-जुलाब होत असताना, किंवा कच्चे मांस कापलेल्या जागी पडते. हात धुण्याच्या साबणातही हीच गोष्ट दिसून आली. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2016 मध्ये ट्रायक्लोसानसह 19 जंतुरोधक घटक त्यातून काढायला लावले, कारण साध्या साबण-पाण्यापेक्षा ते सरस आहेत हे उत्पादकांना दाखवता आले नव्हते.

ब्लीच वापरावेच लागले तर आधी मळ काढा, कारण मळावर ब्लीच वाया जाते. जागतिक आरोग्य संघटनेने पृष्ठभागांसाठी 0.1 टक्का क्लोरीन सुचवले आहे; बाटलीवर 5 टक्के लिहिले असेल तर एक भाग ब्लीचला 49 भाग गार पाणी घ्या. द्रावण त्या दिवसापुरतेच करा, ते टिकत नाही. टाकून लगेच पुसू नका, बाटलीवर दिलेला वेळ ओले राहू द्या, नंतर साध्या पाण्याने पुसून फरशी पूर्ण वाळल्यावरच मुलीला खाली सोडा. उरलेल्या बाटल्या एकमेकींत ओतून रिकाम्या करू नका आणि पेयाच्या बाटलीत तर कधीच भरू नका. मूळ लेबलासह, मुलीचा हात पोहोचणार नाही अशा बंद कपाटात त्या ठेवा.

स्प्रे आणि ते दोन क्लीनर एकत्र वापरणे बंद केल्यावरही खोकला दोन-तीन आठवड्यांत थांबला नाही, तर यजमानांनी डॉक्टरांकडे जाऊन फुप्फुसांची तपासणी करून घ्यावी, आणि जाताना त्या दोन्ही बाटल्यांच्या मागच्या लेबलांचे फोटो सोबत न्यावेत.