सासूबाईंना दूध, मुलाला कोळंबी: दोन्ही अ‍ॅलर्जीच का?

अनघा, डोंबिवली
घरात दोन भानगडी आहेत. सासूबाईंना (वय ६४) दुधाचा त्रास. कोजागिरीला ग्लासभर मसाला दूध घेतलं की तासा-दीड तासात पोट डब्ब, गुडगुड आणि मग पळापळ. बासुंदीचंही तेच. पण चहा आणि जेवणातलं दही बिनबोभाट चालतं, म्हणून नवरा म्हणतो, "आईच्या मनाचे खेळ आहेत."

मुलगा नऊ वर्षांचा. परवा माहेरी सोड्याची (सुकवलेल्या कोळंबीची) खिचडी खाल्ली आणि ताटावरून उठायच्या आत ओठ सुजले, पाठभर गांधी उठल्या, खोकायला लागला. आई आमसुलाचं पाणी चोळत होती, तेवढ्यात भावाने गाडी काढली. डॉक्टरांनी इंजेक्शन दिल्यावर उतरलं.

आता सोसायटीतल्या एकीने दोनशे पदार्थांची आयजीजी रक्ततपासणी सुचवली आहे. घरी येऊन रक्त नेतात. दोघांची करून घेऊ का?

रमाकांत
एवढं काय त्यात! थोडं थोडं खायला घालत राहा, अंगवळणी पडतं. आमच्या वेळी कुठे होत्या अ‍ॅलर्‍या?

सुनीता, रत्नागिरी
रमाकांतकाका, दुधाचं एक वेळ ठीक, पण कोळंबीचं हे कुणाला सांगू नका. मला स्वतःला कोळंबी चालत नाही. रत्नागिरीत राहून चालत नाही म्हणजे काय हाल असतात ते विचारूच नका.

अनघा, तुमच्या मुलाची लक्षणं खऱ्या अ‍ॅलर्जीची दिसतात. काही मिनिटांत सुरू झालं, कातडी आणि श्वास दोन्हीकडे गेलं. यात शरीराची संरक्षणयंत्रणाच कोळंबीतल्या प्रथिनावर तुटून पडते. ते प्रथिन शिजवून मरत नाही, म्हणून ओलं असो की सुकं, फरक नाही. जवळा, खेकडा, शेवंडही बंद. सुरमई-पापलेटचं प्रथिन वेगळं असतं, तेव्हा सगळी मासळी आपल्या मनाने तोडू नका, डॉक्टरांना विचारा. माझ्यासाठी मात्र सुरमईला वेगळा तवा आणि वेगळं तेल लागतं. कोळंबी तळलेल्या तेलातला तुकडाही मला बाधतो, आणि कालवण रटरटत असलं की मी ओटीवर जाऊन बसते. वाफेनेही त्रास होतो.

आयजीजीवर पैसे घालवू नका. आयजीजी हे रक्तातलं एक प्रतिपिंड, ते वाढलेलं म्हणजे तो पदार्थ तुम्ही खाता, एवढंच. अ‍ॅलर्जीतज्ज्ञांच्या संघटनाच ती तपासणी करू नका म्हणतात. मुलाला अ‍ॅलर्जीच्या डॉक्टरांकडे न्या. ते स्किन प्रिक (कातडीवर हलकं टोचून बघतात) किंवा आयजीई (अ‍ॅलर्जीचं प्रतिपिंड बघणारी रक्ततपासणी) करतील. सेट्रिझिन (अ‍ॅलर्जीवरची गोळी) चालू असेल तर आधी सांगा, प्रिकच्या काही दिवस आधी ते थांबवावं लागतं. आणि तोवर घरी 'बघू या खाऊन' अजिबात नको.

डॉ. म., नाशिक
सुनीताताईंशी सहमत. सासूबाईंचं मनाचं नाही. लहान आतड्यात लॅक्टेज हे पाचक द्रव्य कमी पडलं की दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, न पचता मोठ्या आतड्यात जाते आणि तिथले जिवाणू तिचा गॅस करतात. यात सगळा खेळ प्रमाणाचा. १०० मिली दुधात साधारण ५ ग्रॅम लॅक्टोज असतं. चहात दूध कितीसं पडतं? दह्यात विरजणाने काही लॅक्टोज आधीच संपवलेलं असतं. बासुंदीत मात्र दूध आटवलेलं, खव्यात तर फारच. बऱ्याच जणांना एका वेळी कपभर दूध जेवणासोबत सोसतं. सासूबाईंची मर्यादा हळूहळू शोधा. खात्री हवी तर हायड्रोजन ब्रेथ टेस्ट (श्वासातला हायड्रोजन मोजतात) असते. दूध पूर्ण तोडू नका, या वयात कॅल्शियम लागतं. वजन घटत असेल किंवा शौचातून रक्त जात असेल तर लॅक्टोजवर ढकलून न देता तपासा.

लॅक्टोज-फ्री दूध यांच्यासाठी ठीक. ज्याला दुधाची खरी अ‍ॅलर्जी आहे त्याला ते चालणार नाही, प्रथिन तेच असतं.

प्रसाद, पणजी
थोडं अवांतर. बांगड्याचं हुमण खाऊन आम्ही घरातले चौघंही लालबुंद, डोकी ठणकत होती. मला वाटलं, सगळ्यांनाच एकदम अ‍ॅलर्जी? डॉक्टर म्हणाले, मासळी बर्फाबाहेर राहिली की तिच्यात हिस्टामिन साचतं, त्याने अ‍ॅलर्जीसारखाच त्रास होतो, आणि ते शिजवूनही जात नाही. आता कोळणीकडे बर्फ दिसला नाही तर पुढची टोपली बघतो.

अनघा, डोंबिवली
सगळ्यांचे आभार. आयजीजी रद्द. डॉक्टर, शाळेच्या डब्यांची अदलाबदल होते, बाईंना काय सांगू? घरात काय ठेवू?

डॉ. म., नाशिक
बाईंना लेखी द्या: डबा वाटून खायचा नाही. पाकिटावर अ‍ॅलर्जीची सूचना छापावीच लागते, कवचवाले जलचरही त्यात येतात, ती वाचायची सवय मुलालाच लावा. नुसत्या गांधी असतील तर सेट्रिझिन. पण खोकला, घोगरा आवाज, धाप, उलट्या किंवा चक्कर आली तर गोळीच्या भरवशावर बसू नका. तेव्हा लागतं ते मांडीत टोचायचं अ‍ॅड्रेनालिनचं इंजेक्शन. घरी ठेवायचं का, किती आणि कसं टोचायचं, हे अ‍ॅलर्जीच्या डॉक्टरांकडून समोरासमोर शिकून घ्या. मुलाला आडवं ठेवा, धाप असेल तर बसवा, आणि १०८ लावा. बरं वाटलं तरी दवाखान्यात न्या, काही तासांनी पुन्हा उलटू शकतं.